पंगतीबाहेरचे मूल

चांगले जेवण आणि लहान मूल ही एका ठिकाणी नांदू शकत नाहीत, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात अलीकडे दृढ होत चालला आहे. तो नुसता सोयीचा विचार असता तर आम्ही त्याच्या वाटेस गेलो नसतो. परंतु तो आता अभिरुचीचे नाव घेऊन मिरवू लागला आहे, आणि अभिरुचीच्या नावाने जे मिरवते त्याची झडती घेणे हे वाङ्मयीन मासिकाचे कामच आहे. या समजाच्या बाजूने हटकून उभा केला जाणारा साक्षीदार म्हणजे जपानी भोजन. त्यातही ‘काइसेकी’ या नावाचे, एकामागून एक आठ-दहा पदार्थ ठरलेल्या क्रमाने येणारे भोजन. तेव्हा या साक्षीदाराचीच उलटतपासणी करावी असे आम्ही योजिले आहे.

या भोजनाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्याचा सूर ठरलेला असतो. मंद उजेड, गुळगुळीत लाकडाची फळी, पलीकडे मौनव्रती आचारी आणि अलीकडे डोळे मिटून घास घोळवणारा एकटा रसिक! २००७ च्या नोव्हेंबरात मिशलँ मंडळींची टोकियोची मार्गदर्शिका प्रथम निघाली व ताऱ्यांच्या संख्येत त्या शहराने पॅरिसलाही मागे टाकले. तेव्हापासून तर या चित्रास जागतिक मान्यतेचा शिक्काच बसला. आता त्याच्या नकला सर्वत्र निघतात. दिल्लीतील एका बड्या हॉटेलाच्या जपानी भोजनगृहात आम्ही चौकशी केली असता, ‘बारा वर्षांखालील मुलांस रात्री प्रवेश नाही, जपानी पद्धतच तशी आहे’, असे अत्यंत नम्र उत्तर मिळाले. आपल्या दारावर कोणता नियम लिहावा हा मालकाचा प्रश्न आहे आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु त्या नियमाखाली जपानची सही करण्याचा अधिकार त्यांस कोणी दिला?

प्रथम नावाचाच विचार करू. ‘काइसेकी’ हा उच्चार एक असला तरी जपानी लिपीत तो लिहिण्याच्या रीती दोन आहेत आणि अर्थही दोन आहेत. पहिल्या रीतीने लिहिल्यास ‘उराशी धरलेला दगड’ असा अर्थ होतो. झेन पंथाचे भिक्षू भूक जाणवू नये म्हणून ऊन केलेला दगड वस्त्राच्या आत पोटाशी धरीत, अशी त्याची परंपरागत उपपत्ती सांगतात. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या थोर चहाचार्याच्या परंपरेत चहापूर्वी जे साधे जेवण दिले जाते ते हे: भात, एक सार आणि तीन पदार्थ. दुसऱ्या रीतीने लिहिल्यास त्याच शब्दाचा अर्थ ‘मेळाव्याची बैठक’ असा होतो. ही बैठक मुळात कवींची. एकाने चरण म्हणायचा आणि दुसऱ्याने तो पुढे न्यायचा, अशा साखळी-काव्यासाठी जमणाऱ्या मैफलीचे हे नाव. काव्य झाले की मद्य आणि खाणे येई, आणि कालांतराने नाव काव्यावरून उठून खाण्यावर बसले. चहाच्या काइसेकीत भात आरंभीच येतो. मेळाव्याच्या काइसेकीत तो शेवटी येतो, कारण तोवर पेले आणि गप्पा चालू राहावयाच्या असतात.

आज जपानातील भोजनगृहांत जे क्रमवार जेवण मिळते ते बहुतांशी या दुसऱ्या काइसेकीचे वंशज आहे. म्हणजे ज्याला आमचे रसिक एकांतातील समाधी समजतात ते मुळात चार माणसांच्या गलबल्यातून जन्माला आलेले आहे. साडेचार तातामींच्या चहागृहात दोन वर्षांचे पोर नेऊन सोडा, असे आम्ही म्हणत नाही. तो एक विधी आहे, आणि विधीला त्याची शांतता लाभली पाहिजे. परंतु चहागृहाची शांतता उसनी आणून ती भोजनगृहाच्या दारावर पाटीसारखी टांगणे म्हणजे देवघराचे सोवळे स्वयंपाकघर, ओसरी आणि अंगण यांवरही लादण्यासारखे आहे.

आता मुलांचा प्रश्न घेऊ. जपानात मूल सुमारे शंभर दिवसांचे झाले की ‘ओकुइझोमे’ नावाचा संस्कार करतात. त्यासाठी बाळापुढे संपूर्ण पान मांडतात: अझुकी या तांबड्या कडधान्यासह शिजवलेला चिकट तांदळाचा भात, शिंपल्यांचे सार, शिजवलेल्या भाज्या, लोणचे, आणि अखंड भाजलेला ‘ताई’ हा मंगल मासा. पात्रेही लाखकामाची, मुलाचे आतबाहेर शेंदरी, मुलीचे बाहेरून काळे व आतून शेंदरी. घरातील वडीलधारे माणूस बाळास मांडीवर घेते आणि एकेका पदार्थास चोपकाड्या लावून त्या बाळाच्या ओठांपाशी नेते. शेवटी एका लहानशा दगडास त्या काड्या लावून बाळाच्या हिरड्यांना हलकेच टेकवतात; दात दगडासारखे बळकट होवोत, हा आशीर्वाद. आपल्या उष्टावणात खिरीचा निदान एक घास तरी पोटात जातो. येथे काहीच जात नाही. पोट भरणे हा उद्देशच नाही. उद्देश आहे तो नव्या माणसाला पंगतीत दाखल करून घेण्याचा. ज्या समाजात दात येण्यापूर्वी माणसाचे पान मांडले जाते, त्या समाजाच्या नावाने सात-आठ वर्षांच्या मुलांस दारावरून परत पाठवणे याला काय म्हणावे?

हा संस्कार घरी होतो तसाच भोजनगृहातही होतो, आणि त्यासाठी खास पाने मांडून देणारी भोजनगृहे जपानभर आहेत. पुढे नोव्हेंबरच्या १५ तारखेचा ‘शिचि-गो-सान’ म्हणजे ‘सात-पाच-तीन’ हा सण येतो. तीन व पाच वर्षांचे मुलगे आणि तीन व सात वर्षांच्या मुली किमोनो घालून देवस्थानास जातात. दर्शन झाले की पुष्कळ कुटुंबे आजी-आजोबांसह क्रमवार भोजनास बसतात. १९६३ साली ओसाकाच्या जूसो भागातील एका चिमुकल्या सुशीच्या दुकानापासून सुरू झालेली ‘गान्को’ ही पेढी पाहा. क्योतोत ताकासे कालव्याच्या मुखाशी, तो कालवा खोदवणाऱ्या सुमिनोकुरा र्‍योइ या धनाढ्य व्यापाऱ्याचा वाडा होता. पुढे तीच वास्तू यामागाता आरितोमो या जपानच्या पंतप्रधानपद भूषविलेल्या गृहस्थांकडे आली. त्या बागेत आज या पेढीचे भोजनगृह आहे, आणि जेथे एकेकाळी सत्ताधीश फिरले तेथे सामान्य कुटुंबे मुलाबाळांसह जेवतात. २०१३ च्या डिसेंबरात युनेस्कोने जपानी आहारपरंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. त्या नोंदीच्या शीर्षकात कोणा तारांकित आचाऱ्याचे नाव नाही. नाव आहे ते नववर्षाच्या सणाचे, जो घरोघर लहानथोरांनी मिळून करावयाचा असतो.

हे सारे पुस्तकी वाटेल म्हणून एक प्रत्यक्ष दाखला देतो. केंद्रीय कचेरीत नस्त्यांवर टिपणे लिहिणारी आमच्यासारखी माणसे परदेशी वारंवार जात नाहीत. तथापि अनेक वर्षांच्या काटकसरीने एका नोव्हेंबरात आम्ही उभयता, सात वर्षांची कन्या आणि चार वर्षांचे चिरंजीव यांसह क्योतोत होतो, आणि कुटुंबांसाठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका मध्यम प्रतीच्या भोजनगृहात दुपारच्या भोजनास बसलो. खोली लहान, तातामीची. मेजाखाली पाय सोडण्यास खळगा केलेला. वाढणाऱ्या बाईंनी मुलांसाठी दोन पर्याय पुढे ठेवले. एक, तळलेले झिंगे आणि वर चिमुकले निशाण खोवलेला भात, असे एकच ताट. दुसरा, मोठ्यांचेच भोजन, त्याच क्रमाने, परंतु लहान प्रमाणात. कन्येने दुसरे निवडले. चिरंजीव निशाणावर भाळले.

प्रथम आले ते तिळाचे ‘तोफू’, वर हिरव्या वासाबीचा ठिपका; कन्येच्या पानावर तो ठिपका नव्हता. मग झाकण घातलेले साराचे पात्र. झाकण उघडताच वाफ आली, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस सोनेरी मेपलची पाने रंगवलेली दिसली. हे सार कोम्बू ही समुद्रवनस्पती आणि वाळवलेला बोनितो मासा यांच्या अर्काचे. याच कोम्बूच्या अर्कातून १९०८ साली इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने ‘उमामी’ ही पाचवी चव वेगळी काढली. त्यानंतर कच्च्या माशाचे काप आले. कन्येस त्याऐवजी गोडसर अंड्याची वळी दिली. मग क्योतोच्या पांढऱ्या गोड मिसोत मुरवून भाजलेला ‘सावारा’, जो आपल्या सुरमईच्याच कुळातला. पुढच्या वाडग्यात ‘एबी-इमो’ नावाचा कंद होता. तोंडात घालताच कन्या म्हणाली, “बाबा, ही तर अरवी!” आणि ते अगदी खरे होते, अळूच्याच जातीचा तो कंद. मग वाफवलेल्या अंड्याचे ‘चावान-मुशी’, तळाशी गिंकोच्या फळाचा गर लपवलेला. शेवटी चेस्टनट घातलेला भात, मिसोचे सार, आणि क्योतोत त्याच ऋतूत निघणारे शलगमाच्या पातळ चकत्यांचे लोणचे. समारोप पिकलेल्या ‘काकी’च्या फोडींनी झाला, ज्याला दिल्लीच्या मंडईत ‘जपानी फल’ असेच म्हणतात.

यास दीड तास लागला. चिरंजीवांचे ताट पंधरा मिनिटांत आटोपले. निशाण हातात राहिले, आणि पुढील सर्व वेळ ते बहिणीच्या प्रत्येक नव्या वाडग्यात डोकावत होते. चावान-मुशी आले तेव्हा त्यांनी निशाण खाली ठेवले आणि चमचा मागितला. बाईंनी न सांगता आणखी एक वाटी आणून दिली. शेजारच्या खोलीत सात-पाच-तीनचे कुटुंब होते. तेथूनही एका बालिकेचे हसणे मधूनमधून ऐकू येत होते. कोणाचीही समाधी भंगली नाही.

क्रमवार भोजन मुलांच्या संयमापलीकडचे आहे, असे जे म्हणतात त्यांनी मूल जेवताना कधी लक्ष देऊन पाहिले नसावे. मूल कंटाळते ते मोठ्या भरलेल्या ताटाला. तेथे सारे एकदम दिसते आणि संपता संपत नाही. काइसेकीत प्रत्येक पदार्थ दोन-चार घासांचा असतो. प्रत्येक वेळी पात्र निराळे, आकार निराळा. एक झाकलेले, एक उघडे, एक पानात गुंडाळलेले. पुढे काय येणार हे ठाऊक नसते, पण काही तरी येणार हे निश्चित असते. गोष्ट ऐकताना ‘मग?’ म्हणणाऱ्या श्रोत्यास याहून अनुकूल रचना कोणती? शिवाय या भोजनाचा कणा ऋतू आहे. नुकते बाजारात येऊ लागलेले, ऐन भरातले आणि निरोप घेणारे, अशा जिनसांच्या तीन अवस्थांस जपानी भाषेत तीन स्वतंत्र शब्द आहेत: हाशिरी, शुन आणि नागोरी. ऋतू पुस्तकात वाचून कळत नाही. तो जिभेवर यावा लागतो, आणि जीभ कोवळी असताना यावा लागतो.

आमचा दुसरा प्रतिपक्ष अधिक कनवाळू दिसतो. तो मुलाला दारावर अडवीत नाही. आत घेतो, कोपऱ्यात बसवतो, पुढे तळलेल्या तुकड्यांची थाळी ठेवतो आणि हातात दूरध्वनीचा पडदा देतो. मग आईबाप ‘निवांत’ जेवतात. मुलांच्या वेगळ्या थाळीचा मोठा इतिहास जपानातच आहे. १९३० साली, मंदीच्या दिवसांत, टोकियोच्या मित्सुकोशी पेढीच्या भोजनगृहात मुलांसाठी खास ताट प्रथम निघाले. भाताच्या ढिगावरील ते निशाण तेव्हापासूनचे. १९७० साली ‘स्कायलार्क’ने टोकियोच्या पश्चिम भागात पहिले कुटुंब-भोजनगृह उघडले आणि ती थाळी देशभर पसरली. त्या कल्पनेमागे माया होती हे आम्ही नाकारीत नाही, आणि निशाण पाहून चार वर्षांच्या मुलाचे डोळे चमकतात हे आम्ही पाहिले आहे. परंतु जपान तेथेच थांबला नाही. तेथे १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा झाला. मुले पांढरे झगे घालून वर्गात एकमेकांस वाढतात आणि सर्वजण तेच अन्न खातात. २००५ साली तर ‘शोकुइकु’ म्हणजे अन्नशिक्षण याविषयीचा मूलभूत कायदा झाला. चव ही शिकवावी लागते, हे ज्या राष्ट्राने कायद्यात लिहिले, त्याच्याकडून आपण नेमकी निशाणाची थाळी तेवढी उचलावी, ही निवड आपल्यालाच शोभते!

आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. मूल रडले तर? रडेल, तेव्हा आईने किंवा बापाने ते उचलून बाहेर न्यावे, आणि बापाने न्यावे हे अधिक बरे. इतरांच्या जेवणाचा मान राखणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, आणि तो घरी बसून शिकता येत नाही. कच्चा मासा लहानांस देणे योग्य नव्हे हे खरे. म्हणून तर अंड्याची वळी आली. मत्स्याहार वर्ज्य असलेल्यांसाठी झेन मठांची शाकाहारी ‘शोजिन’ पद्धती आहे, आणि तीही क्रमानेच वाढली जाते. खर्चाचे म्हणाल तर रात्रीच्या भोजनाचे दर आमच्यासारख्यांस परवडणारे नाहीत; परंतु त्याच घरातील दुपारचे भोजन पुष्कळदा बरेच स्वस्त असते. राहता राहिला एक आक्षेप: ‘एवढे महागाचे अन्न मुलांस कळते का?’ या प्रश्नास आमचा प्रतिप्रश्न असा की, बालगंधर्वांचे गाणे ऐकायला ज्यांना वडिलांनी मांडीवर बसवून नेले त्यांना तेव्हा ते कळले होते काय? कळले नव्हते. तरीही तीच मुले पुढे जाणकार झाली. ज्यांना ‘कळेल तेव्हा नेऊ’ म्हणून घरी ठेवले त्यांना ते कळण्याची वेळ कधी आलीच नाही.

हा वाद आम्ही इतक्या आग्रहाने का मांडतो, असे कोणी विचारील. आम्ही मुलखाबाहेरची माणसे आहोत. आमच्या मुलांच्या कानांवर मराठी शाळेत पडत नाही, रस्त्यावर पडत नाही. ती जगते ती घराच्या चार भिंतींत, आणि त्यातही पानावर बसल्यावेळी. ‘मेतकूट’, ‘फदफदे’, ‘आमटी’, ‘सांडगा’ हे शब्द पदार्थासकट शिकले जातात किंवा मुळीच शिकले जात नाहीत. असे असता आमच्याच लग्नसमारंभांतून अलीकडे काय दिसते? एका बाजूस मोठ्यांची व्यवस्था, आणि दूर एका कोपऱ्यात ‘मुलांसाठी’ म्हणून नूडल्स व बटाट्याच्या तळलेल्या काड्या यांचे वेगळे मेज. यजमानास वाटते, मुलांची सोय झाली. वस्तुतः मुलांना पंगतीतून उठवले जाते. अळूची भाजी त्यांच्या पानावर वाढलीच गेली नाही, आणि ती न वाढल्यामुळे तिचे नावही त्यांनी ऐकले नाही. पुढे हीच मुले मोठी होऊन ‘हे आम्हांला आवडत नाही’ म्हणतील, आणि आपण पिढी बिघडली म्हणून लेख लिहू.

तेव्हा आमचे म्हणणे दोन कलमांत सांगता येईल. मूल पंगतीत हवे, आणि त्याचे पान पंगतीतलेच हवे; घास लहान असावा, पदार्थ निराळा नसावा. जपानच्या कुटुंबवत्सल भोजनगृहांनी हे साधून दाखवले आहे, तेही ज्याला जग सर्वात नाजूक, सर्वात शिस्तीचे भोजन म्हणते त्या भोजनाच्या बाबतीत. दिल्लीच्या त्या भोजनगृहाने आपली पाटी खुशाल ठेवावी. खाली जपानचे नाव मात्र खोडावे. आणि आमच्या वाचकांनी पुढच्या कार्यात आचाऱ्यास पदार्थांची यादी देताना मुलांचे वेगळे मेज तेवढे यादीतून काढावे, आणि पंगतीत तेवढीच लहान पाने अधिक मांडावीत.